वंशावळ शोधायची तर आधी फेरफार गाठा

वंशवृक्षाचं ॲप नंतर उघडा. आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढे बसा आणि बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. मूळ गाव, कुलदैवत, सोयरीक कुठे कुठे झाली, एवढं विचारलंत तरी पुरे. बायकांची माहेरची नावं मात्र आत्ताच लिहून घ्या, सरकारी कागदांत ती क्वचितच सापडतात.

खरा ऐवज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतो. सातबाऱ्यापेक्षा मी जुन्या फेरफारांवर, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींवर, जास्त भर देतो. खातेदार मयत झाला की वारसांची नावं तिथे चढतात, म्हणजे एकाच नोंदीत दोन पिढ्या हाती लागतात. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. फार जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील. जाणकार वाचक शोधावा लागेल.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांना, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांना, आडनाव आणि गाव सांगा, त्यांच्या वहीत पणजोबांची सहीसुद्धा निघू शकते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी समाजाचे लोक घराण्यांच्या वंशावळी राखतात. पण वंशावळ थेट राजघराण्याला जाऊन भिडली, तर कागद मिळेपर्यंत ती नोंद पेन्सिलीनेच ठेवा! (अशा वंशावळी बऱ्याच भेटतात.)

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. लॅमिनेशन तर नकोच. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा. आणि पत्र्याखालच्या माळ्यावरची ती जुन्या कागद-फोटोंची ट्रंक पावसाळ्याआधी खाली आणा.