पिसू दिसत नाही म्हणजे पिसू नाही, असं नसतं

तुमची मांजर घराबाहेर पडत नाही, अंगावर पिसू दिसत नाही, तरी सारखी खाजवते. मग खाणं बदलू का, असं विचारलंय. आत्ता तरी नका बदलू. आधी पिसवांचा बंदोबस्त करा.

आमच्या चिंगीने शेपटीच्या बुडाशी चाटून चाटून केस घालवले होते, मानेवर बारीक खरखरीत खपल्या. वन्सं आल्या की तिचे केस बाजूला करून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं, पिसू असती तर दिसली नसती का? तू तिला भलतंसलतं खायला घालतेस." चारचौघांत म्हणायच्या. मांजर जिभेने अंग साफ करताना पिसवा गिळून टाकतं, आणि पिसूच्या लाळेची ॲलर्जी असेल तर मोजके चावेसुद्धा पुरतात, हे ऐकूनच घ्यायचं नव्हतं.

मग एकदा त्यांच्यासमोरच बारीक दातांच्या फणीने चिंगीला विंचरलं. पांढऱ्या ओल्या कागदावर काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. वन्सं म्हणाल्या, धूळ आहे. धुळीला रक्ताचा रंग कसा येईल?

वर स्वतःच्या कुत्र्याचं उरलेलं औषध घेऊन आल्या. मी हातही लावू दिला नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते नीट पचवून बाहेर टाकता येत नाही. थरथर, झटके, प्रसंगी मृत्यू. टी ट्री तेलही नकोच, ते नैसर्गिक आहे असं कितीही सांगोत.

डॉक्टरांनी वजन बघून मानेमागे सोडायचे थेंब दिले. तरी पुढचे काही आठवडे नव्या पिसवा सापडतच होत्या आणि वन्संना "बघ, औषध खोटं" म्हणायला निमित्त मिळालं. अहो, अंगावरच्या पिसवा हा थोडाच भाग! अंडी, अळ्या, कोष गालिच्यात, गादीत, फटीत असतात. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते, कोष महिनोन्महिने टिकतो आणि ऊब किंवा हादरा मिळाला की फुटतो. कपड्यांवरून, बुटांवरून पिसू घरात येते, मांजराने बाहेर जायलाच हवं असं नाही. म्हणून तिचं अंथरूण 60 अंशांच्या पाण्यात धुवा, व्हॅक्यूम फिरवा, घरातल्या सगळ्या प्राण्यांना ज्याचं त्याचं औषध द्या आणि डॉक्टर सांगतील तितके महिने एकही डोस चुकवू नका. आम्ही तेच केलं. चिंगीचे केस परत आले, आणि खाणं मी मुद्दाम तेच ठेवलं होतं.

हो, पिल्लू असेल तर स्वतःच्या मनाने थेंब टाकू नका. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर लगेच दवाखाना, पिसवांनी पिल्लाचं रक्त कमी होतं. शेपटीखाली तांदळाएवढे तुकडे दिसले तर पिसू गिळल्याने होणारा पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला चपटा जंत, त्याचं औषध वेगळं. कानातले किडे, गजकर्ण, खाण्याची ॲलर्जी यांनीही खाज सुटते, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. खाण्याची ॲलर्जी आहे का, ही परीक्षा करायचीच तर पिसवांचं औषध चालू ठेवून, निदान आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं देऊन करा. आणि खाणं बदलल्यानेच आमचं मांजर बरं झालं असं कुणी सांगितलं, तर तेव्हा पिसवांचं औषध चालू होतं का, एवढं जरूर विचारा.