आधी घोडीची जागा, मग लाकूड : घरी इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत लाकडाविषयी सर्वाधिक विचारणा आहे आणि मोजमापाविषयी सर्वांत कमी. घरी बनवलेल्या गिटारी ज्या कारणांनी बिघडतात, त्यांचा क्रम माझ्या अनुभवात नेमका याच्या उलट आहे. तरीही सुरुवात लाकडापासूनच करतो.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या सागवानी टेबलाच्या जाड फळ्या आहेत. त्यांची बॉडी केली, तर गिटारीचा आवाज चांगला येईल का? महोगनी किंवा अल्डरच हवे, असे अनेकजण सांगतात.

उत्तर : सागवान अवश्य वापरावे, पण आवाजाकडे पाहून नव्हे, ते वाळलेले आणि स्थिर आहे म्हणून. इलेक्ट्रिक गिटारीचा पिकअप लाकडाचा नाद ऐकत नाही. त्याच्यातील चुंबकामुळे पोलादी तार स्वतः किंचित चुंबकित होते आणि ती थरथरली की भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात बदल होऊन पिकअपच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. १९४० च्या सुमारास अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी पाइनच्या चौकोनी ओंडक्यालाच नेक (गिटारीची लांब मान), तारा आणि पिकअप बसवून वाजवले. श्रोत्यांना ती गिटार वाटावी म्हणून त्यांनी पुढे एका पोकळ गिटारीचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या बाजूंना जोडले. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे आणि त्यांच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरी बनवायला घेतलेल्या गिटारीचा नेक तर जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून कोरलेला आहे, आणि ती गिटार आजवर जगभरच्या मंचांवर वाजली आहे.

लाकडाचा थोडाही परिणाम होत नाही, असे मी म्हणत नाही. पण पिकअपची उंची दोन मिलिमीटरने बदलली, तर जो फरक पडतो, त्यापुढे तो झाकोळून जातो. लाकडाचे खरे काम म्हणजे सहा तारांचा मिळून ४५ किलोपेक्षा अधिक असलेला ताण वर्षानुवर्षे न वाकता सोसणे आणि स्क्रू घट्ट धरून ठेवणे. सागवानाच्या अडचणी वेगळ्याच आहेत. ते जड असते, घनमीटरला साधारण ६५० किलो, त्यामुळे ४५ मिलिमीटर जाडीची नेहमीच्या आकाराची बॉडी अडीच किलोच्या आसपास जाते; वरून पातळ फळी चिकटवणार असाल, तर तिच्याखाली पोकळ्या कोरून हे वजन कमी करता येते. लाकडात मुळातच तेल असल्याने चिकटवण्याच्या थोडेच आधी जोडाच्या कडा ॲसिटोनने पुसाव्यात. धार लवकर बोथट होते, आणि भुशाने अनेकांना त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो, म्हणून मास्क हवाच. टेबल जुने आहे तेव्हा फळ्यांवरून आधी एक चुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला खिळा रंध्याच्या पात्याला सापडण्याआधी आपल्याला सापडलेला बरा.

प्रश्न : ६४८ मिलिमीटर स्केलची (म्हणजे नेकच्या टोकाच्या नटपासून, तारा टेकतात त्या पट्टीपासून, घोडीपर्यंतच्या लांबीची) पहिली गिटार पूर्ण केली. प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेऊन फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागा आखल्या आणि घोडीवरची सर्व सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेचे सरकते आधार, बरोबर ६४८ वर एका रेषेत ठेवली. जाड तारांवर बारावा फ्रेट जवळपास बरोबर वाजतो, पण पातळ तारांवर तोच स्वर उतरलेला लागतो. चूक तारांची आहे की पिकअपची?

उत्तर : दोन्हींची नाही. चूक त्या अठराव्या भागाची आहे, आणि आपण दिलेल्या खुणांवरून ती बसल्या जागी ओळखता येते. सतारीचा पडदा बांधलेला असल्याने कानाला पटेपर्यंत सरकवता येतो. गिटारीचा फ्रेट एकदा खाचेत ठोकला की आखणाऱ्याची चूक वाद्याबरोबर कायमची राहते.

अठराचा नियम जुना आणि प्रतिष्ठित आहे. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील व्हिंचेंझो गॅलिलेई हे ल्यूटवादक होते आणि त्यांनी सोळाव्या शतकात १८ : १७ या प्रमाणाचा पुरस्कार केला होता. पण बारा अर्धस्वरांनी तार नेमकी निम्मी व्हायची, तर भागायचा आकडा १८ नव्हे, १७.८१७ असावा लागतो. त्यानुसार ६४८ च्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा बरोबर ३२४ वर येतो. आपल्या आखणीत पहिला ३६ वर आला असेल आणि बारावा ३२१.७ च्या आसपास, म्हणजे २.३ मिलिमीटर अलीकडे. अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला एक सेंट म्हणतात. या हिशेबाने आपला बारावा फ्रेट सुमारे १२ सेंट उतरतो.

मग जाड तारा बऱ्या का लागतात? फ्रेटवर दाबताना तार ताणली जाते आणि तिचा स्वर थोडा चढतो. जाड तारेत हा चढ अधिक असतो. म्हणूनच योग्य आखलेल्या गिटारीत सॅडल स्केलच्या रेषेपासून मागे सरकवावी लागतात, पातळ तारेला साधारण एक ते दोन मिलिमीटर आणि सर्वांत जाड तारेला तीन ते पाच. आपल्या गिटारीत फ्रेटची उणीव आणि जाड तारेचा चढ यांनी एकमेकांना जवळजवळ भरून काढले, पातळ तारेला मात्र तेवढा चढ मिळाला नाही.

फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट ठोकलेली फळी, उखडण्याची आवश्यकता नाही. पहिल्या तारेचे सॅडल सुमारे तीन मिलिमीटर नटच्या दिशेने आणावे आणि पुढच्या तारांचे क्रमाने कमी. त्यानंतर बाराव्या फ्रेटपर्यंतची चूक सेंट-दोन सेंटांच्या आत येईल. सतराव्या फ्रेटच्या पुढे स्वर चढू लागेल आणि बाविसाव्यावर तो आठ सेंटांच्या आसपास पोहोचेल, याची मात्र तयारी ठेवावी. तिथे आपण क्वचितच वाजवत असाल, तर सुखाने नांदता येईल.

पुढच्या गिटारीसाठी एक आग्रहाची सूचना. प्रत्येक फ्रेटचे अंतर मागच्या फ्रेटपासून न मोजता पोलादी पट्टी एकदाच लावून नटपासून मोजावे. खुणेगणिक पाव मिलिमीटर एकाच दिशेने चुकला, तर बाविसाव्या फ्रेटवर साडेपाच मिलिमीटर होतात. शिवाय वर जावे तसतशी चूक महाग पडते : ०.२ मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटवर अर्ध्या सेंटाच्या थोडी वर असते, बाराव्यावर एक सेंट आणि बाविसाव्यावर जवळपास दोन.

प्रश्न : पहिल्या प्रयत्नात नेक तयार विकत घ्यावा की स्वतः करावा?

उत्तर : विकत घ्यावा. ट्रस रॉडची (नेक वाकू नये म्हणून आत बसवलेल्या धातूच्या दांड्याची) खाच, फिंगरबोर्डची गोलाई आणि फ्रेट समतल करणे ही तीन स्वतंत्र कौशल्ये आहेत आणि ती एकाच वेळी शिकणे कष्टाचे होते. मात्र नेक हातात येईपर्यंत बॉडीत त्याचा खळगा कोरू नये. अनेक नेकांची टाच, म्हणजे बॉडीत बसणारे टोक, ५६ मिलिमीटर रुंद आणि खळगा १६ मिलिमीटर खोल असतो, पण आपल्या नेकची टाच मोजूनच साचा कापावा. घोडीची जागाही कागदावर नेक ठेवून, त्याच्या नटपासून मोजून ठरवावी. पूर्ण आकाराचे रेखाचित्र आणि त्यावरील मध्यरेषा या दोहोंशिवाय मी स्वतः करवतीला हात लावत नाही.

प्रश्न : राऊटरने (फिरत्या पात्याच्या यंत्राने) कडा कापताना बॉडीच्या शिंगापाशी, म्हणजे नेकजवळच्या टोकदार भागापाशी, लाकडाचा मोठा तुकडा उडाला. असे का होते?

उत्तर : शिंगाच्या वळणावर पाते लाकडाच्या तंतूंना आडवे भिडते आणि ते कापण्याऐवजी उचकटते. जिगसॉने (विजेच्या बारीक करवतीने) आकार कापताना रेषेबाहेर दोनच मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवावे, म्हणजे राऊटरला फार थोडे काम उरते. उरलेलेही एका दमात न कापता तीन-चार मिलिमीटरच्या खोलीने उतरत जावे. हातात धरलेला राऊटर बाहेरच्या कडेभोवती घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतल्या खळग्यात घड्याळाच्या दिशेने फिरवावा; उलट फिरवल्यास यंत्र हातातून पुढे पळू पाहते, आणि तो धोका लाकडापेक्षा बोटांना अधिक आहे. उडालेला तुकडा सापडला असेल, तर लगेच गोंदाने जागच्या जागी बसवावा, जोड सहसा दिसत नाही.

प्रश्न : गिटार जोडली की गुणगुण येते आणि तारांना हात लावला की कमी होते. जोडणी चुकली आहे का?

उत्तर : हात लावल्यावर गुणगुण कमी होते, याचा अर्थ घोडीपासूनची ग्राउंडची तार बरोबर आहे. हात लावल्यावर ती वाढली असती, तर ती तार तुटली आहे किंवा जॅकवरील दोन तारांची अदलाबदल झाली आहे, असा संशय मी घेतला असता. आता एक चाचणी करावी : अँप्लिफायरसमोर उभे राहून गिटार हळूहळू आडवी फिरवावी. दिशेनुसार गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आणि तिच्यावर तांब्याच्या पट्टीचा उपाय चालत नाही. त्यासाठी हंबकर या प्रकारचा पिकअप हवा. गिब्सन या गिटार कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो सिद्ध केला. त्यात दोन वेटोळी परस्परांच्या उलट दिशेने गुंडाळलेली आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात, त्यामुळे तारेचा संकेत जुळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण आपसांत फिटते.

दिशा बदलून फरक पडला नाही, तर पिकअप आणि पोटेन्शिओमीटरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंट्यांच्या) खळग्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडावी. बऱ्याच पट्ट्यांच्या गोंदातून वीज वाहत नाही, हे मात्र सहज विसरले जाते. म्हणून दोन तुकड्यांच्या प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक थेंब ठेवावा आणि मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध शून्याजवळ आहे ना, हे तपासूनच वरचे झाकण बसवावे.