‘नो कॉस्ट’ ईएमआयवर प्रोग्रॅमिंग शिकावं का?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय २९. चाकणला पंप बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. हातात ४६ हजार येतात, घरखर्च ३४ हजार. इंजिनिअरिंगसाठी लागणाऱ्या पायथन-मॅटलॅब या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा एक ऑनलाइन कोर्स करायचा आहे. जीएसटी धरून फी १,८८,८०० रुपये. एकरकमी भरली तर १० टक्के सूट, नाहीतर १२ महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ ईएमआय. माझी २ लाख ४० हजारांची एफडी आहे. मार्चमध्ये बाळ येणार आहे. एफडी मोडू की ईएमआय घेऊ? प्राप्तिकराच्या ८०ई कलमाखाली करही वाचेल, असं तिथले कौन्सेलर सांगतात.

उत्तर : दोन्ही नको. पण शिकायचं मात्र सोडू नका, तो विचार एकदम बरोबर आहे.

आधी हप्त्याचं बघू. १,८८,८०० भागिले १२ म्हणजे महिना १५,७३३. खर्च जाऊन तुमच्याकडे उरतात १२ हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून पावणेचार हजार कुठून तरी आणायचे, आणि तेही घरात पाळणा हलणार त्या वर्षात.

आता ‘नो कॉस्ट’ची गंमत. रोख देणाऱ्याला हाच कोर्स १,६९,९२० ला मिळतोय. मग खरी किंमत तीच. वरचे १८,८८० हे व्याज, फक्त त्याला व्याज म्हणायचं नाही एवढंच. दर किती पडला? कॉलेजात बायसेक्शन मेथड केली असेल, म्हणजे उत्तर दोन आकड्यांमध्ये पकडून अंतर निम्मं करत जायचं, तीच इथे लावू. महिना १ टक्का धरला तर हप्ता येतो १५,०९७, म्हणजे कमी. २ टक्के धरले तर १६,०६८, जास्त. मधला दीड टक्का : १५,५७८, अजून कमीच. पावणेदोन : १५,८२२, पुन्हा जास्त. असं निम्मं-निम्मं करत गेलं की १.६६ टक्क्यांवर हप्ता बरोबर १५,७३३ ला टेकतो. वर्षाला जवळजवळ २० टक्के. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

हा हिशोब मी पायथनच्या आठ ओळींत केला. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या कोर्सच्या सुरुवातीच्या धड्यांत बहुधा हेच असणार आहे.

८०ई विसरा. त्यात वजावट मिळते ती शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची, आणि तीही जुन्या कररचनेत. इथे व्याज कागदावर शून्य दाखवलंय, मग वजा काय करणार? शिवाय तुमच्या पगारावर नव्या रचनेत कर लागतच नाही. नसलेला कर वाचवून देणाऱ्या कौन्सेलरला नमस्कार करा.

एफडीचं म्हणाल तर आज ती सात महिन्यांचा घरखर्च आहे. फी भरली की उरतात सत्तर हजार, म्हणजे जेमतेम दोन महिने. बाळंतपणाच्या तोंडावर एवढ्यावर राहू नये.

मग शिकायचं कसं? पायथन फुकट आहे, त्यातल्या नमपाय, सायपाय, पांडाज या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संचही फुकट. मॅटलॅबचं लायसन्स कंपनीत नसेल तर घरी ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखंच मोफत सॉफ्टवेअर टाका. सिम्युलिंक (मॅटलॅबचं आकृत्या जोडून सिम्युलेशन करायचं साधन) त्यात चालत नाही, पण नवशिक्याचा बराचसा मॅटलॅब कोड जसाच्या तसा चालतो. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मोफत आहेत, काही मराठीतूनही आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे कोर्स शिकायला पैसे पडत नाहीत. सर्टिफिकेट हवं तर परीक्षेचे हजार रुपये. पुस्तक, नेट, परीक्षा सगळं धरून वर्षाला सहा-सात हजारांच्या वर जाऊ नका.

फुकटातलं शिक्षण अर्धवट सुटतं, हे मला मान्य. मी स्वतः दोनदा सोडलंय. तिसऱ्यांदा टिकलं, कारण हातात एका क्लायंटचा अडलेला हिशोब होता. तुमच्याकडेही तसं काही असणारच. पंप तपासायच्या टेस्ट रिगवरून फ्लो, हेड (पंप पाणी किती उंच चढवतो) आणि पॉवरचे आकडे येतात, ते एक्सेलमध्ये चिकटवून कर्व्ह काढत असाल तर तिथूनच सुरू करा. रिगची एक सीएसव्ही फाइल (आकड्यांचा साधा तक्ता) वाचायची, प्रत्येक पॉइंटची एफिशियन्सी काढायची, कर्व्ह बसवायचा, बेस्ट एफिशियन्सी पॉइंट शोधायचा. हे चार प्रोग्रॅम जमले की साहेबांना दाखवा आणि तेव्हा विचारा, पुढच्या कोर्सची निम्मी फी कंपनी देईल का. कंपनीचा डेटा घरच्या लॅपटॉपवर मात्र विचारल्याशिवाय आणू नका.

फी भरायचा विचार पुन्हा कराच, पण सहा महिन्यांनी. तेव्हाही अभ्यासक्रम नीट बघा : वेबसाइट बनवायलाच शिकवत असतील तर तो तुमचा कोर्स नव्हे. न्यूमेरिकल मेथड्स, डेटा, सिम्युलेशन हवं.

जाता जाता : आरोग्य विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर तिच्यात बाळंतपणाची मर्यादा किती आणि बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, हे एचआरला याच आठवड्यात विचारा.