रिक्वायरमेंटच्या कामाला किती दिवस धरायचे?

प्रिय,

तुझा एस्टिमेटचा तक्ता पाहिला. कोडिंग आणि टेस्टिंगचं काम छान फोडून लिहिलं आहेस. रिक्वायरमेंटच्या, म्हणजे क्लायंटच्या गरजा समजून लिहून काढण्याच्या ओळीत मात्र एकूण कामाचे १० टक्के टाकलेस, ते मला अजिबात पटलं नाही. ज्या एकूण आकड्याचे हे टक्के, तो आकडा तरी आज कुणाला ठाऊक आहे? प्रकल्पाची नुसती कल्पना हातात असताना बांधलेल्या अंदाजाच्या चौपट खर्च येऊ शकतो किंवा पावपटीतही काम भागू शकतं, असं सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोएम यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं. गरजा लिहून पक्क्या झाल्या की ही तफावत पुष्कळ आटोक्यात येते. म्हणजे एकूण अंदाज ज्या कामावर उभा राहायचा, तेच काम तू त्या अंदाजावरून मोजलं आहेस.

त्याऐवजी माणसं मोज, नियम मोज आणि अपवादांना सढळ हाताने वेळ ठेव.

तुझ्याकडचं साखर कारखान्याच्या ऊस बिलाचं मॉड्यूलच घे. वजन गुणिले दर, वजा कपात. वरवर एवढंच दिसतं. पण लागणीची नोंद शेतकी विभागाकडे, तीही आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशा उसाच्या प्रकारांप्रमाणे निरनिराळी. फडातली स्लिप चिटबॉयकडे, म्हणजे तिथे चिठ्ठी फाडणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे, भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन काट्यावर, तोडणी-वाहतुकीचा हिशेब आणखी कुणाकडे. ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. ते वाचून कळतं. सभासद वारला आणि वारसनोंद अजून व्हायची आहे, एकाच गट नंबरच्या जमिनीतला ऊस दोन भावांच्या नावावर आला, काटा बंद पडला म्हणून पावती हाताने लिहिली, हे मात्र बिलं काढणाऱ्या क्लार्कच्या डोक्यात असतं. नुसतं विचारून ते बाहेर येत नाही, कारण त्याच्या लेखी ते रोजचंच काम. त्याच्या शेजारी बसून मागच्या पंधरवड्याची बिलं चाळायला लागलीस, की एकेक निघत जातं. या बसण्याचे दिवस तक्त्यात हवेत.

आणि दोन तासांची मीटिंग दोन तासांची धरू नकोस. आधी त्यांचे फॉर्म वाचायचे, नंतर टिपणं लिहून काढायची, शंका पुन्हा विचारायच्या, मसुदा दाखवून दुरुस्त्या घ्यायच्या. या सगळ्यात सहज दोन दिवस जातात. मी एका भेटीमागे एवढे धरते आणि मगच भेटी मोजते.

मेहनत आणि मुदत वेगळी लिही. गळीत हंगामात शेतकी अधिकारी तुला वेळ देणार कुठून? तुझे मनुष्यदिवस तेवढेच राहतील, तारीख पुढे जाईल.

मॅनेजर एकच आकडा मागतील. तू किमान आणि कमाल दोन्ही दे, खाली गृहीतकं लिही, आणि पहिल्या काही भेटींनंतर आकडे सुधारून देईन असं आत्ताच सांगून ठेव. त्यात कमीपणा नाही.

अजून एक: मसुद्यावर शेवटची सही कुणाची, हे उद्याच विचारून घे. ते ठरलेलं नसेल तर दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती होतील, हे मलाही सांगता येणार नाही. नवा तक्ता झाला की पाठव, क्लायंटकडे जाण्याआधी आपण दोघी एकदा बसून पाहू.