आधी काढून ठेवलेली वाटी

प्रिय मुला,

ख्रिस्तात सलाम.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. ऑफिसातल्या गणपतीची आरती झाली, शेजारच्या टेबलावरच्या मुलीने उकडीचा मोदक पुढे केला आणि तू "पोट बिघडलंय" म्हणालास. दोन वर्षं एकत्र काम करताय, रोज एकमेकांच्या डब्यातलं खाताय, आणि तू ख्रिस्ती आहेस हे तिला अजून माहीत नाही. मग खोलीवर जाऊन तू मला विचारलंस, "बाई, मी तो खायला हवा होता का?"

फोनवर दोन ओळींत उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. रविवारच्या शब्बाथ शाळेत तुम्हा पोरांकडून मी दहा आज्ञा घोटून घेतल्या, स्तोत्रं पाठ करून घेतली. हे मात्र शिकवायचं राहून गेलं, आणि त्याची मला खंत आहे.

आधी मनातलं स्पष्ट सांगते. मोदक खाल्ला नाहीस, ठीक केलंस. खाल्ला असतास तरी मी तुला बोल लावला नसता. पण तुझं पोट बिघडलेलं नव्हतं. तुला झोप लागली नाही ती त्या वाक्यामुळे.

माझ्या आईची गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. वडील प्राथमिक शिक्षक, बदली होईल तिथे भाड्याची खोली. नेवासे तालुक्यातल्या एका गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक काकू राहायच्या. त्यांच्याकडे दर श्रावणात सत्यनारायण. पहिल्या वर्षी त्या प्रसादाचा द्रोण घेऊन दारात आल्या. आई ओल्या हातानेच बाहेर आली, हात जोडले आणि म्हणाली, "काकू, आम्ही ख्रिस्ती. देवाला दाखवलेलं आम्ही घेत नाही. तुम्ही प्रेमाने आणलंत, राग मानू नका." काकू काही बोलल्या नाहीत. द्रोण घेऊन परत गेल्या. पुढे आठ-दहा दिवस त्यांच्याकडून ताकाचा तांब्या आला नाही. आई रोज त्या दाराकडे बघायची, मला आठवतं.

पुढच्या श्रावणात, पूजेच्या दिवशी सकाळीच, अजून गुरुजीही आले नव्हते, तेव्हा काकू मागच्या दाराने आल्या. हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली. ताटली काढली तर केळं घातलेला शिरा, कडेला तूप अजून तडतडत होतं. म्हणाल्या, "हा नैवेद्याच्या आधीचा आहे. पोरांना दे."

तू विचार कर. नैवेद्य दाखवण्याआधी घरातलं कुणी चमचाभरसुद्धा चाखत नाही. सोवळ्यात सगळा स्वयंपाक करणारी ती बाई, शेजारच्या ख्रिस्ती पोरांसाठी तिने स्वतःच्या रीतीला मुरड घातली. आणि त्या वर्षीपासून नाताळात आईने काय केलं? काकू अंड्याला शिवत नसत. म्हणून केकसाठी अंडी फेटायला घेण्याच्या आदल्या दिवशी आई कढई राखेने घासून, कोऱ्या तेलात त्यांच्यासाठी करंज्या तळायची. पहिला घाणा काकूंचा. आम्ही भोवती घोटाळायचो, पण त्यांचा डबा भरून होईपर्यंत आम्हाला एकही मिळायची नाही. आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो, आणि सहाही वर्षं ती वाटी आली आणि तो डबा गेला.

मला प्रेषित पौल कळला तो त्या वाटीमुळे. बायबलातलं त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ, आठवा अध्याय आणि दहावा. आपल्या मराठी बायबलात तिथे "नैवेद्य" हाच शब्द आहे, म्हणजे तुझा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर, ठिकठिकाणी देवळं, आणि देवळात वाहिलेलं मांस पुढे बाजारात विकायला यायचं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी ते घ्यावं की नाही? पौलाने काय सांगितलं ते नीट बघ. बाजारात जे मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नकोस, त्याच्या विवेकबुद्धीसाठी. आणि या सगळ्याच्या आधी त्याने एक वाक्य लिहून ठेवलंय, "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते." मूर्ती काही नाही हे मला कळलंय, एवढ्या ज्ञानावर तो कुणाला फुशारकी मारू देत नाही. समोर कोण माणूस आहे, त्याच्या मनाचं काय होईल, हे आधी बघायला लावतो.

आपल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, काही जण प्रसाद घेतात, शेजारधर्म म्हणून. मी घेत नाही, आईने घेतला नाही. पण कोण खातो आणि कोण खात नाही यावरून माणसाचा विश्वास मापायला जाऊ नकोस. तसं मापणारे आपल्यात बरेच आहेत, आणि त्यांनी मंडळीचं भलं केलेलं मी पाहिलेलं नाही.

जेवणाखाण्यावरून या मुलखात कमी रामायण झालेलं नाही. तू पुण्यात आहेस, एखाद्या रविवारी गुरुवार पेठेत जा आणि पंचहौद मिशनचं चर्च, पवित्र नाम देवालय बघ, ते उंच घंटाघर बघ. त्याच मिशनच्या आवारात १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातली मोठमोठी मंडळी एका कार्यक्रमाला गेली होती. चहा-बिस्किटं पुढे आली. पुढे उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ख्रिस्त्याच्या हातचा चहा, म्हणून ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका पेल्यापायी! तुझ्या ऑफिसातली ती मुलगी आज तुझ्या डब्यातली भाजी पोळीला लावून खाते, ही केवढी मजल आहे ते यावरून ओळख.

आणि त्याच काळातल्या पंडिता रमाबाई. त्या १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे येणाऱ्या ब्राह्मण मुलींना आपापले जातीचे नियम पाळता यावेत अशी स्वयंपाकाची सोय ठेवली. स्वतःचा विश्वास त्यांनी लपवला नाही, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडं असायचं. पुढे त्या उघड्या दारावरूनही वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्यांनी ना चूल बंद केली ना दार. मला या बाईचं फार अप्रूप वाटतं. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं, हे सगळे सांगतात. मला मात्र ती वेगळी चूल आधी आठवते.

तू लिहिलंस, "कुणी ऐकलं की म्हणतात, तू ख्रिश्चन वाटत नाहीस." मलाही उभा जन्म हे ऐकावं लागलं. नाव मराठी, आडनाव मराठी, जेवणात भाकरी-ठेचा, मग लोक गोंधळतात. याचा राग धरू नकोस. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण साधारण अकरा लाख होतो, शंभरात जेमतेम एक. बहुतेकांनी सिनेमातला ख्रिश्चनच पाहिलेला असतो. त्यांना सांग, गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली ती १६१६ साली छापून निघाली. सांग, आमच्याकडे पेटी-तबल्यावर भजनं होतात, उपासना मराठीतून होते आणि हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक देवापुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्यासुद्धा आणतात, मग त्यांचा लिलाव होतो. तू लहानपणी लिलावातला कोंबडा पकडायला चर्चच्या व्हरांड्यातून धावला होतास, तेही सांग. तिला हसू येईल. हसता हसता कळलेलं माणूस विसरत नाही.

कागदोपत्री धर्माच्या रकान्याचं तू विचारलंस. इथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे किती घरांत दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं, असं चालतं, ते तुलाही ठाऊक आहे. धर्म बदलल्याने गावाने त्यांना वागवायची रीत बदलली नव्हती. म्हणून त्या घरांकडे बोट दाखवणं मला जमत नाही. आपल्याच मंडळीत सोयरीक जमवताना हळूच "मूळचे कोण?" विचारलं जातं, तेव्हा तर मुळीच नाही. तुला नोकरी आहे, पोट भरतंय. तू खरं लिहू शकतोस, तर लिही. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी प्रार्थना कर, त्याचा न्याय करू नकोस.

ग्रुपवर धर्मांतरावरून ख्रिस्त्यांना नावं ठेवणारे मेसेज येतात आणि तू गप्प बसतोस म्हणालास. त्या मेसेजला उलट मेसेज धाडू नकोस, त्याने कुणाचं मन बदललेलं मी ऐकलं नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय, एवढं स्वतःशी पक्कं ठेव आणि मान ताठ ठेव. ज्याने मेसेज टाकला त्याच्याबरोबर चहाला जा आणि शांतपणे सांग, "अरे, तू लिहिलंस ते माझ्या आजीबद्दल आहे." आजीची गोष्ट तुला येत असली पाहिजे, बरं का. दिवाळीला घरी आलास की तिच्याजवळ बस आणि विचार. तिला आता ऐकू कमी येतं, पण बोलायला फार आवडतं.

दर रविवारी मोबाइलवर उपदेश ऐकून भागवतोस, ते मात्र मला पटत नाही. जवळची एखादी मराठी मंडळी शोध. तिथे कंटाळवाणा उपदेश असेल, वर्गणीवरून वाद असतील, पुढच्या बाकावरून कुणी मागे वळून बघत असेल. तरी जा. प्रभुभोजनाच्या वेळी तुझ्या शेजारी जो माणूस गुडघे टेकेल तो तू निवडलेला नसतो, आणि मोबाइलवर तुला नेमका तोच भेटत नाही.

आता त्या मुलीचं. सोमवारी डबा खाताना तिला खरं सांगून टाक. फार मोठी प्रस्तावना नको. "त्या दिवशी माझं पोट बिघडलं नव्हतं गं. मी ख्रिस्ती आहे, देवाला दाखवलेलं आम्ही घेत नाही. पण तुला सांगायला संकोचलो, माफ कर." तिला क्षणभर वाईट वाटेल, आईच्या दारातल्या काकूंना वाटलं होतं तसं. कदाचित चार दिवस अबोलाही होईल. तू आपला रोज डबा उघडून तिच्यापुढे सरकवत राहा.

नाताळला सुट्टी मिळाली तर ऑफिसातल्या दोघा-चौघांना घेऊन ये, तिलाही विचार. चोवीसच्या रात्री गाणी म्हणत घरोघर फिरू, उपासना पंचवीसला सकाळी आहे. ती अंडं खाते का, ते आधी विचारून कळव. खात नसेल तर करंज्यांचा पहिला घाणा तिचा.

तुझी,
बाई