डेस्कटॉपमध्ये बसवलेली दुसरी हार्ड डिस्क विंडोजमध्ये का दिसत नाही?

परभणीतील आपल्या फोटो स्टुडिओच्या डेस्कटॉपला आपण ४ टीबीची नवी हार्ड डिस्क जोडली, ती फिरल्याचा आवाज येतो, परंतु तिचा ड्राइव्ह मात्र दिसत नाही, असे आपण विचारले आहे. डिस्क खराब निघाली असे लगेच समजू नये. कोऱ्या डिस्कवर विभाग (पार्टिशन) केलेला नसेल, तर विंडोज तिला ड्राइव्हचे अक्षर देत नाही.

प्रथम संगणक बंद करून, प्लग काढून दोन्ही साटा केबल (डिस्क जोडणाऱ्या केबल) तपासाव्यात. एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारी रुंद केबल वीज देते आणि मदरबोर्डची (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डची) अरुंद केबल माहिती वाहते, त्यामुळे आवाज येण्याचा अर्थ वीज पोहोचते एवढाच होतो. काही मदरबोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी छोटी डिस्क) बसवली की एखादा साटा पोर्ट बंद होतो, म्हणून पोर्ट बदलून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कचे नाव येते का ते पाहावे.

नाव दिसल्यास विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्क इनिशिअलाइझ करताना (वापरासाठी तयार करताना) जीपीटी ही विभागांची नोंद ठेवण्याची पद्धत निवडावी, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण २ टीबीच्या पुढील जागा वापरता येत नाही; नंतर ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ करून एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट करावे. मात्र डिस्क जुनी असून तिच्यावर ग्राहकांच्या लग्नाचे फोटो असतील, तर यांपैकी काहीही करू नये, आधी ती जाणकाराला दाखवावी.

आपल्याकडे मराठवाड्यात उन्हाळ्यात वीज अचानक जाते, आणि फाइल लिहिली जात असतानाच ती गेली तर फाइल खराब होऊ शकते, म्हणून यूपीएस अवश्य लावावा. ४ टीबीऐवजी सुमारे ३.६ टीबी दिसल्यास काळजी नसावी. तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे.