पाणी कुठे जातं ते विचार

पोरी,

"काका, एम्समध्ये मक्याशिवाय काही नाही, मी दुसऱ्या राज्यात बदली करून घेऊ का?" हे तुझं वाक्य वाचलं आणि मुद्दामच लगेच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर रागाच्या भरात दिलं असतं. बदलीचं नंतर बघू. आधी मला एक सांग, तुझ्या खोलीबाहेर पडलेला पाऊस जातो कुठे?

तू जालन्याची. पाणी कुठून येतं हे तुला लहानपणापासून पाठ आहे: जायकवाडी, बोअर, टँकर. अमेरिकेच्या मध्यातल्या आयोवा राज्यात, जिथे तुझं एम्स आहे, प्रश्न उलटा विचारावा लागतो. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिसुरी, आणि मधला एम्सच्या आसपासचा मोठा सपाट पट्टा हिमनदीने मागे ठेवलेला. तिथे पाण्याला उतारच नव्हता. पाणथळी होत्या, माणसाच्या उंचीचं गवत होतं. 1846 मध्ये आयोवा राज्य झालं, पुढे शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोल चर खणून भाजक्या मातीच्या नळ्या एकापुढे एक मांडल्या. टाइल म्हणतात ती हीच. जमिनीत मुरलेलं पाणी नळ्यांच्या सांध्यांतून आत शिरतं, शेताकडेच्या उघड्या चरात पडतं, त्यातून नदीला मिळतं. आता प्लास्टिकचे सच्छिद्र पाइप घालतात. तू बसमधून जे मक्याचं रान बघून कंटाळतेस, ते या नळ्यांच्या जिवावर उभं आहे. मूळ गवताळ रान हजारात एक हिस्सासुद्धा उरलेलं नाही.

त्या रानात माणसंही होती, हे तुला तिथे कुणी आपणहून सांगणार नाही. मेस्क्वाकी या तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून लावलं, तर 1857 मध्ये त्यांनी टामा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) स्वतःच्या पैशाने 80 एकर जमीन विकत घेतली आणि ते परत आले. अजून तिथेच आहेत. एम्सपासून गाडीने तासाभरावर. गेलीस का कधी?

आज आयोवात माणसं सुमारे 32 लाख, डुकरं 2 कोटींच्या वर. मका माणसाच्या ताटात फारसा जात नाही. त्यातला निम्म्याच्या आसपास इथेनॉलला जातो, बराचसा जनावरांना. मक्याला नत्र लागतं, ते खतातून येतं, डुकरांच्या मैल्यातून येतं. आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्या रानात बहुतेक ठिकाणी एक जिवंत मूळ नसतं. मग वसंतातल्या पावसात उरलेलं नत्र नायट्रेटच्या रूपात धुपून टाइलमध्ये उतरतं, तिथून रॅकून नदीत, आणि रॅकूनचं पाणी राजधानीचं डी मॉइन शहर पितं. शहराने नव्वदीच्या सुरुवातीपासून नायट्रेट काढायची यंत्रणा बसवली आहे. 2015 मध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या, टाइलचं पाणी नदीत सोडणाऱ्या निचरा मंडळांवर दावा लावला, 2017 मध्ये तो फेटाळला गेला. 2025 च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं चढलं की लोकांना हिरवळीवर पाणी मारायला बंदी झाली. तेच पाणी पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे दर उन्हाळ्यात मासे जगू शकत नाहीत एवढा प्राणवायू संपतो. एका शेताच्या बांधावरून समुद्रापर्यंत! आणि तू म्हणतेस काही नाही.

बरं, तुझा विषय संख्याशास्त्र. 1924 मध्ये हेन्री वॉलेस दर शनिवारी एम्सला येऊन तुझ्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांना सहसंबंध, म्हणजे दोन आकडे एकमेकांसोबत किती बदलतात, तो कसा काढायचा ते शिकवायचे. मक्याच्या वाणांचे आकडे जुळवता जुळवता ते स्वतः शिकले होते. पुढे त्यांनी संकरित बियाण्यांची कंपनी काढली आणि नंतर देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्यासोबत काम केलेल्या स्नेडेकरांनी 1933 मध्ये तिथे संख्याशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे ज्या विभागात बसून तू मक्याला नावं ठेवतेस, त्या विभागाच्या मुळाशी मका आहे. आपल्याकडची मुलं ज्या कार्व्हरांची गोष्ट वाचून मोठी होतात, ते 1891 मध्ये तिथेच शिकायला आले. आणि तुझ्याच जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, बियाण्यांच्या कामासाठी. तो पुरस्कार डी मॉइनहून दिला जातो, आणि त्याची कल्पना आयोवातच जन्मलेल्या, हरितक्रांतीच्या नॉर्मन बोरलॉग यांची. जालना ते डी मॉइन हा रस्ता तुझ्या आधीच पडलेला आहे.

माझे सोबतचे सगळे किनाऱ्यांवर गेले. न्यू जर्सीत घरं, गणपतीला दोनशे माणसं. मी मक्यात अडकलो असं अजून म्हणतात. मी अडकलो नव्हतो. कुठलं पाणी कुठे जातं हे कळलेली जागा सोडवत नाही, आणि ते कळलं म्हणूनच मला निचऱ्याचं काम करता आलं. आयुष्यभर एकाच नदीच्या खोऱ्यात काम करणं हे कमी आहे असं मी मानत नाही, कुणी मानलं तर मानो.

खंत एकच आहे. आमच्या शेजारचा म्हातारा शेतकरी नकाशा न बघता सांगायचा, इथे आजोबांची टाइल आहे, इथे फुटली, इथे ओल वर येते. कित्येक शेतांच्या जुन्या टाइलचे नकाशेच नाहीत, सगळं अशा माणसांच्या डोक्यात. लिहून घेऊ, घेऊ म्हणत राहिलो आणि तो गेला. त्याच्या मुलाने जमीन खंडाने दिली. कसणाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही.

तेव्हा पाणी कुठे जातं ते विचार. नकाशावर बोट ठेवून नको, शेतकऱ्याला विचार. एप्रिलमध्ये स्कंक नदीच्या काठाला जा, रबरी बूट घाल, चरात उघडणारं पाइपाचं तोंड शोध, धार किती आहे बघ. शेत ज्याचं त्याची परवानगी घे. बाटलीत पाणी घे, विद्यापीठात नायट्रेट तपासून मिळेल. मग वर्षभराचे आकडे मांड, तुला ते येतं, मला कधी नीट आलं नाही.

एवढं करूनही जावंसं वाटलं तर जा. शिफारसपत्र मी देईन. पण बाटली तपासल्याशिवाय मागू नकोस.

तुझा,
काका